हाताला लागणाऱ्या बरगड्या

श्वानपथकाचं प्रात्यक्षिक बघायला जमलेल्या गर्दीत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. भरल्या अंगाचा, पाठ रुंद झालेला लॅब्रॅडॉर मैदानात उतरला की लोक कौतुकाने म्हणतात, "काय तब्येत आहे बघा!" त्याच्या मागून सडसडीत मॅलिनॉइज आला की तीच माणसं हळहळतात, "याला नीट खायला घालत नाहीत वाटतं." सांगोला-मंगळवेढ्याकडच्या माळावर कारवानी कुत्रं बघून शहरातला पाहुणाही तेच म्हणतो. पोट खपाटीला, मागच्या दोन-तीन बरगड्या उमटलेल्या, कमरेची हाडं वर आलेली. मग कुणीतरी गाडीतून बिस्किटांचा पुडा काढतो. लॅब्रॅडॉरच्या वाट्याला आलेलं कौतुक आणि कारवानीच्या वाट्याला आलेली दया, दोन्ही बहुतेक वेळा चुकीच्या पत्त्यावर गेलेली असतात.

कामाच्या कुत्र्याचं वजन हा दिसण्याचा विषय नव्हे. कुत्रं किती वर्षं जगेल, त्यातली किती वर्षं काम करेल, उन्हात किती वेळ टिकेल, इतकंच काय पण त्याचं नाक किती वेळ चालेल, हे त्या वजनाशी बांधलेलं असतं. तरी त्याचा निवाडा आपण नुसत्या नजरेने करतो, आणि तोही लहान मुलाला लावायच्या मापाने. बाळसं धरलेलं ते निरोगी, हडकलेलं ते आजारी. माझा आक्षेप या नजरेला आहे. शहरात ती कुत्र्याला लाडाने जाड करते. आणि रानात खरोखर उपाशी असलेलं कुत्रं समोर उभं राहिलं, तर तीच नजर "त्यांची जातच तशी" म्हणून पुढे सरकते. दोन्हीकडे एक गोष्ट राहून गेलेली असते. कुत्र्याच्या अंगाला कुणी हात लावून पाहिलेलं नसतं.

हात लावायचा म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगतो. दोन्ही अंगठे कण्याच्या दोन बाजूंना टेकवायचे आणि बोटं बरगड्यांवर पसरून, न दाबता, पुढून मागे सरकवायची. प्रत्येक बरगडी वेगळी लागली पाहिजे, पण तिच्यावर कातडीखाली एक पातळ थर जाणवला पाहिजे. हे नेमकं कसं लागतं ते समजायला स्वतःचाच हात पुरतो. मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा. बरगड्या अशा टोकदार लागल्या तर कुत्रं वाळलेलं आहे. मूठ उघडून तळव्याच्या बाजूने बोटांची मुळं चाचपा. हाडं अशी आत कुठेतरी हरवलेली लागली तर ते जाड आहे. आता हात सरळ ठेवून पालथ्या बाजूची हाडं चाचपा. बरगड्या तशा लागायला हव्यात. त्यानंतर कुत्र्याला वरून बघायचं, बरगड्यांमागे कंबर आत गेलेली हवी. बाजूने बघायचं, छातीकडून मागे जाताना पोटाची रेघ वर चढलेली हवी. अमेरिकेतल्या पशुवैद्य डॉटी लाफ्लॅम यांनी 1997 मध्ये हेच निकष 1 ते 9 अशा गुणपट्टीत बसवले. 1 म्हणजे हाडांचा सापळा, 9 म्हणजे चालताना धापा टाकणारं धूड. कामाच्या कुत्र्याने 4 ते 5 च्या दरम्यान असावं, हे आता जगभरचे पशुवैद्य मानतात.

एवढ्यावर मात्र थांबून चालत नाही, कारण बरगड्यांवरचा हात चरबी सांगतो, स्नायू सांगत नाही. त्यासाठी तोच हात कण्याच्या दोन्ही बाजूंवरून, खांद्याच्या फऱ्यावरून आणि मांड्यांवरून फिरवावा लागतो. कारवानी कुत्र्याच्या मागच्या बरगड्या दिसतात, पण त्याची मांडी दाबून बघा, दगडासारखी घट्ट असते, आणि कण्याच्या बाजूंना मांस भरलेलं असतं. धावून शिकार करणाऱ्या कुत्र्याचं शरीर असंच घडलेलं असतं. त्याच्या पाठीवर लॅब्रॅडॉरचा थर चढवला तर त्याचा वेगच जातो. याउलट माळावरच्या एखाद्या कुत्र्याच्या तितक्याच बरगड्या दिसत असतात, पण त्याच्या कण्याचे मणके एकेक मोजता येतात, मांड्या आत ओढलेल्या असतात, डोक्याच्या बाजूंना खड्डे पडलेले असतात. त्याचं शरीर चरबी संपवून स्वतःचे स्नायू खायला लागलेलं असतं. लांबून ही दोन्ही कुत्री सारखीच दिसतात. पहिल्याला बिस्किटाची गरज नाही. दुसऱ्याला पशुवैद्याची गरज आहे.

आधी जाड कुत्र्यांकडे वळतो, कारण तिथे आपलं अज्ञान प्रेमाच्या वेषात वावरतं आणि म्हणून टोकलं की माणसं दुखावतात. प्युरिना या खाद्य कंपनीने अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉर पिल्लांवर केलेला एक दीर्घ अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच वेताच्या पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतलं एक पिल्लू जेवढं खाई, त्याच्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न दुसऱ्याला, आणि हा नेम आठ आठवड्यांच्या वयापासून थेट मरेपर्यंत पाळला. कमी खाल्लेल्या कुत्र्यांचं मध्यक आयुर्मान 13 वर्षं निघालं, दुसऱ्या गटाचं 11.2 वर्षं. सांधेदुखीवर औषधोपचार लागण्याचं वयही असंच मागेपुढे सरकलं: जास्त खाणाऱ्या गटातल्या निम्म्या कुत्र्यांना ते 10.3 व्या वर्षापर्यंत लागले, कमी खाणाऱ्यांत 13.3 व्या वर्षापर्यंत. खाद्य विकणाऱ्या कंपनीने खाद्य कमी करण्याच्या बाजूचा हा पुरावा स्वतः छापला, म्हणून मला तो अधिकच वजनदार वाटतो.

या अभ्यासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो आकडा फारसा कुणी सांगत नाही. जास्त खाणारी कुत्री बेढब लठ्ठ नव्हती. त्या 9 गुणांच्या पट्टीवर त्यांची सरासरी 6.7 होती, कमी खाणाऱ्यांची 4.6. साडेसहाचं कुत्रं आपल्याकडे कुणालाही जाड वाटत नाही. प्रात्यक्षिकाच्या मैदानात "काय तब्येत आहे" असं म्हटलं जातं ते याच कुत्र्याला. म्हणजे जी तब्येत बघून आपण मालकाची पाठ थोपटतो, तीच त्या कुत्र्याच्या आयुष्यातून जवळजवळ दोन वर्षं काढून घेते.

घरातल्या कुत्र्याच्या बाबतीत हे दुःखाचं आहे. कामाच्या कुत्र्याच्या बाबतीत ते त्याहून गंभीर होतं, आणि त्याचं कारण नाकात आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांतून येतो तो नावापुरता. शरीरातली उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः जीभ बाहेर काढून धापा टाकत. अंगावर चरबीचा थर असला की उष्णता आत अडकते आणि कुत्रं लवकर धापा टाकायला लागतं. आता धापा टाकणं आणि हुंगणं ही दोन कामं एकाच वेळी धड होत नाहीत. हुंगताना तोंड मिटून नाकाने छोटे छोटे झटके घ्यायचे असतात, धापा टाकताना हवा तोंडावाटे वेगाने आतबाहेर करायची असते. एप्रिल-मे महिन्यात नागपूर किंवा परभणीच्या रेल्वे फलाटावर पारा चाळिशीपार गेलेला असताना बेवारस बॅग हुंगायला आणलेलं कुत्रं पाच किलोंनी जड असेल, तर त्याचं नाक त्याच्या शेजाऱ्यापेक्षा आधी थकणार. त्या बॅगेशेजारी उभ्या असलेल्या माणसांच्या जिवाशी त्या पाच किलोंचा थेट संबंध आहे. शिवाय कुत्र्याच्या वजनातला साठ टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या दोन पायांवर असतो. गाडीतून उडी मारताना तर सगळाच भार कोपर आणि खांद्यावर आदळतो, आणि दिवसातून दहा वेळा आदळतो.

हँडलर हे जाणत नाही असं कुणी म्हणू नये. तो दिवसाचे कित्येक तास या जिवाबरोबर काढतो, त्याचा लळा कुणाहीपेक्षा खरा असतो. पण त्याला ज्याच्याशी झुंजायचं असतं ते त्या कुत्र्याच्या रक्तातच आहे. 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या जंजीर या लॅब्रॅडॉरने आरडीएक्स हुडकून काढलं, तेव्हापासून मराठी माणसाच्या मनात बॉम्बशोधक कुत्रा म्हणजे लॅब्रॅडॉर हे पक्कं बसलं. ही जात शिकवायला सोपी, कारण ती खाण्यासाठी काहीही करते. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी या हावरेपणाचं एक मूळ शोधलं. पीओएमसी नावाचं एक जनुक पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचवण्यात भाग घेतं. ब्रिटनमधल्या साधारण चार लॅब्रॅडॉरमागे एकात या जनुकाचा एक तुकडा गळालेला निघाला, आणि अशा प्रत्येक गळक्या प्रतीमागे कुत्र्याचं वजन सरासरी दोन किलोंच्या आसपास जास्त भरलं. मग त्यांनी अपंगांच्या मदतीसाठी तयार केलेल्या 81 लॅब्रॅडॉरची तपासणी केली. त्यातल्या 76 टक्के कुत्र्यांत हा दोष होता.

खाऊ देऊन शिकवायची पद्धत ठेवली की जे पिल्लू खाऊसाठी जास्त जीव टाकतं तेच निवडलं जातं. म्हणजे माणसाने पिढ्यान् पिढ्या, नकळत, कायम भुकेलेली कुत्री कामासाठी वेचून काढली असावीत. याच गटाने 2024 मध्ये पुढचं मोजमाप प्रसिद्ध केलं. न्याहारी करून तीन तास झालेल्या कुत्र्यांसमोर एक पारदर्शक पेटी ठेवली, आत सॉसेज दिसतंय पण मिळत नाही अशी. जनुकात दोष असलेली कुत्री ते मिळवण्यासाठी बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त धडपडत राहिली. आणि वर हेही दिसलं की स्वस्थ बसलेलं असताना त्यांचं शरीर इतरांपेक्षा 25 टक्के कमी ऊर्जा जाळतं. भूक जास्त आणि खर्च कमी.

मला वाटतं, काम करणाऱ्या कुत्र्यांच्या आहाराचा सगळा नैतिक प्रश्न या दोन निष्कर्षांत सामावलेला आहे. आपण म्हणतो, "बिचारं मागतंय, भूक लागली असेल." त्याला भूक लागलेली असते हे अगदी खरं. पण ती भूक त्याच्या गरजेचा पुरावा नव्हे. ज्या जिवाला पुरे झालं हे आतून कळतच नाही, त्याच्यासाठी ते कळून घ्यायची जबाबदारी वाडगा भरणाऱ्यावर येते. त्याच्या डोळ्यांतल्या याचनेला दरवेळी बळी पडणं म्हणजे ती जबाबदारी टाळणं होय. हे कठोर वाटेल. रोज पायाशी बसून बघणाऱ्या त्या डोळ्यांना नाही म्हणणं सोपं नसतं, हे मलाही ठाऊक आहे. तरी दहाव्या वर्षी जिना चढताना कण्हणाऱ्या कुत्र्यापेक्षा पायाशी बसून मागणारं कुत्रं बरं.

हिशोब तसा अवघड नाही. कुत्र्याला नुसतं पडून राहायला किती ऊर्जा लागते याचं एक सर्वमान्य सूत्र आहे, आणि त्यानुसार 30 किलोच्या कुत्र्याची ही किमान गरज दिवसाला 900 उष्मांकांच्या घरात येते. शंभर ग्रॅम ग्लुकोज बिस्किटांत साडेचारशेच्या आसपास उष्मांक असतात. चौकीत येणारा-जाणारा प्रत्येक जण मायेने चार-चार बिस्किटं टाकत राहिला, तर संध्याकाळपर्यंत अर्ध्या दिवसाचा शिधा पोटात जातो आणि संध्याकाळचा वाडगा तरीही भरलेलाच असतो. शिकवताना दिलेला खाऊ वाडग्यातून वजा व्हायला हवा. कवायतीचा दिवस आणि सुट्टीचा दिवस यांचा शिधा वेगळा हवा. दर पंधरा दिवसांनी काट्यावर उभं करून आकडा लिहून ठेवायला हवा. आणि तो आकडा जातीच्या तक्त्याशी ताडून पाहायचा नाही, त्याच कुत्र्याच्या कामाच्या चांगल्या दिवसांतल्या आकड्याशी पाहायचा. एकाच जातीच्या दोन कुत्र्यांची योग्य वजनं सहा-सात किलोंनी वेगळी असू शकतात.

आता रानाकडे जाऊ. इथे गैरसमज उलटा आहे. "पोट भरलेलं कुत्रं झोपतं, उपाशी कुत्रं राखण करतं" असं शेतावरच्या वस्तीवर आजही सर्रास म्हटलं जातं, आणि ते म्हणणारी माणसं निर्दय नसतात. वाडवडील तसं करत आले, एवढंच. पण ही समजूत खोटी आहे. भुकेलं कुत्रं रात्री हिंडतं हे खरं; राखणीसाठी मात्र ते हिंडत नाही, अन्नासाठी हिंडतं. ते उकिरड्यावर जातं, शेजारच्या कोंबड्यांच्या खुराड्याशी जातं, आणि नेमक्या त्या वेळी आपला गोठा उघडा पडतो. लांडग्यासमोर उभं राहायला अंगात ताकद लागते, आणि ती ताकद स्नायूंत असते. शरीराला पुरेसं मिळालं नाही की ते याच स्नायूंवर हात टाकतं. जखम झाली तर भरत नाही, गोचीड आणि खरूज अंगभर पसरते, आणि पाच-सहा वर्षांत ते कुत्रं म्हातारं होतं.

मेंढपाळ धनगराची गोष्ट मात्र वेगळी ठेवली पाहिजे. दिवाळीनंतर माण-खटावकडून मेंढरं घेऊन निघालेला वाडा (धनगरांचा फिरता तळ) वाघर (मेंढरांभोवतीचं जाळं) ठोकून रानात उतरतो, तेव्हा राखणीची कुत्री कुटुंबाचाच भाग असतात. चुलीवर जे शिजेल त्यातला वाटा त्यांना मिळतो: भाकरी, कण्या, असेल तेव्हा दूध किंवा ताक. शहरी श्वानप्रेमी या भाकरीला नाक मुरडतात, "कुत्रा मांसाहारी प्राणी आहे" असं ऐकवतात. त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. 2013 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं की लांडग्यात पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात चारापासून तीसपर्यंत. माणसाच्या शेतीबरोबर, त्याने टाकलेल्या उष्ट्यावर कुत्र्याचं पचन बदलत गेलं. शिजवलेलं धान्य तो चांगलं पचवतो, आणि कारवानी कुत्र्याच्या कित्येक पिढ्या भाकरी-दुधावर ससे पकडत आल्या.

पण धान्याला मर्यादा आहेत, आणि त्या मर्यादा नेमक्या कष्टाच्या दिवसांत उघड्या पडतात. नुसत्या भाकरीतून ऊर्जा मिळते. स्नायू टिकवायला लागणारी प्रथिनं पुरेशी मिळत नाहीत. लांब पल्ल्याच्या चालीला कुत्र्याचं शरीर मुख्यतः स्निग्ध पदार्थ जाळतं, आणि कोरड्या भाकरीत ते फारच थोडे. अलास्कामधल्या इडिटारॉड शर्यतीत घसरगाडी ओढणारी वीस-पंचवीस किलोंची कुत्री थंडीत दिवसाला 10,000 उष्मांकांच्याही वर जाळतात, आणि त्यांना तसंच चरबीयुक्त खाद्य वाटेवर पुरवलं जातं. आपल्या धनगरी कुत्र्याला इतकं लागत नाही. पण काम वाढलं की शिधा वाढला पाहिजे, आणि तोही तेला-तुपाच्या, अंड्याच्या, मासळीच्या रूपाने, हे तत्त्व अलास्काइतकंच माणदेशातही खरं आहे. सर्वांत जास्त हाल होतात ते व्यालेल्या कुत्रीचे. दूध पाजण्याच्या ऐन भरात तिला एरवीच्या तिप्पट-चौपट अन्न लागू शकतं, आणि नेमकी तीच पिल्लांपाशी बसून राहते म्हणून वाटणीच्या वेळी मागे पडते. तिच्या कण्यावरून एकदा हात फिरवला, तर हे कुणालाही सांगावं लागणार नाही.

1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा पाळलेल्या जनावराला पुरेसं अन्न न देणं गुन्हा मानतो. जास्त अन्न घालून त्याचे सांधे निकामी करणं मात्र कुठल्याच कलमात बसत नाही, आणि कायद्याने त्यात पडावं असं माझं म्हणणंही नाही. पण सरकारी कुत्र्याचा शिधा सरकारच ठरवतं, तिथे तरी हे सुधारणं हातात आहे. पथकातल्या प्रत्येक कुत्र्याच्या नोंदवहीत लसीच्या तारखांशेजारी वजन आणि 9 पैकी गुण लिहिणं बंधनकारक करावं. आठ-दहा वर्षांनी ते कुत्रं निवृत्त होऊन कुणाच्या घरी गेलं, तर ती वही त्याच्याबरोबर जावी. आजवर दिवसभर धावणारं कुत्रं उद्यापासून सोफ्याशेजारी पडून राहणार असतं. त्यात त्याची नसबंदी झालेली असेल तर गरज आणखी घटते. वाडगा मात्र जुन्याच मापाने भरला जातो, वर नव्या घराचं कोडकौतुक. ज्या सांध्यांनी आठ वर्षं उड्या पेलल्या, ते असल्या घरात वर्षभरात बसतात. घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला वजनाचा कागद आणि मोजमापाचं भांडं देऊन पाठवणं हे हारतुऱ्यांच्या निरोप समारंभाइतकंच अगत्याचं आहे.

रानातल्या कुत्र्यासाठी तर याहूनही सोपी गोष्ट करता येईल. मेंढरांच्या लसीकरणासाठी पशुवैद्यकीय कर्मचारी वाड्यावर जातात. त्याच फेरीत कुत्र्यांना जंताचं औषध द्यावं. पोट टुमटुमीत आणि पाठ मात्र वाळलेली, अशी कितीतरी कुत्री अन्न कमी पडल्याने खंगलेली नसतात, जंतांनी खंगलेली असतात; त्यांच्या भाकरीतला वाटा जंत खातात. ज्यांना कुत्र्यासाठी सरकारी गोळी खर्च करणं जिवावर येतं, त्यांनी मेंढीचा विचार करावा. मेंढीला चक्कर आणणारी, तिच्या मेंदूत गाठ करणारी फीतकृमी कुत्र्याच्याच आतड्यात वाढते आणि त्याच्या विष्ठेतून चाऱ्यावर येते. मेलेल्या मेंढीचं डोकं कुत्र्यापुढे टाकलं की तोच फेरा पुन्हा सुरू होतो. वर्षातून तीन-चार वेळा दिलेली ती गोळी कुत्र्याच्या अंगावर मांस धरवेल आणि कळपातली मेंढरंही वाचवेल. आणि औषध देणाऱ्याने तेवढ्याच वेळात त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवून धनगराला सांगावं, की याला भाकरीबरोबर आणखी काय लागेल.